चाखणारे आणि पोट भरणारे

पर्यटनाची एक नवी तऱ्हा सुशिक्षित मध्यमवर्गात गेल्या दहा-पंधरा वर्षांत रूढ झाली आहे. शनिवार-रविवार जोडून एखाद्या शहरी जायचे, देवळे व किल्ले धावत पाहायचे आणि उरलेला वेळ रस्त्यावरच्या हातगाड्या व टपऱ्या पालथ्या घालण्यात घालवायचा. इंदूरला गेले की रात्रीचा सराफा, अहमदाबादेत माणेक चौक, मुंबईत गिरगाव चौपाटी, झवेरी बाजारातील खाऊ गल्ली आणि रमजानच्या दिवसांत महंमद अली रस्ता. अशा सहलींची आता पद्धतशीर आखणी होते. पैसे घेऊन वाट दाखवणारे मार्गदर्शक मिळतात आणि कोणत्या गाडीवर काय खावे याची टिपणे प्रवासाआधीच हाती पडतात.

या हौसेला माझा विरोध नाही. परक्या गावाचे अन्न चाखणे ही त्या गावाशी ओळख करून घेण्याची जुनी आणि निकोप रीत आहे. कोणी कोणाच्या हातचे खावे हे ज्या समाजात शतकानुशतके विटाळाच्या कल्पनेने ठरवले, त्या समाजात अनोळखी माणसाच्या हातचा घास निःशंकपणे घेतला जाणे ही लहान गोष्ट नव्हे. माझा आक्षेप निराळा आहे. जो वर्ग प्रवासात फेरीवाल्याच्या गाडीपुढे रांग लावतो, तोच आपल्या वस्तीत परतल्यावर कोपऱ्यावरच्या फेरीवाल्याला ‘अतिक्रमण’ म्हणतो आणि त्याला हटवण्याच्या अर्जावर सही करतो. हा दुटप्पीपणा केवळ वैयक्तिक ढोंग समजून हसण्यावारी नेता येणार नाही. शहर कोणाचे, या प्रश्नाचे एक निश्चित उत्तर त्यात दडलेले आहे आणि तेच उत्तर आता शासकीय धोरण बनू पाहत आहे.

हे धोरण फेरीवाल्यांची दोन वर्गांत वाटणी करते. एक प्रेक्षणीय फेरीवाला. तो शहराची शोभा, पर्यटनाच्या पुस्तिकेतले चित्र. त्याला दिवे, फरशी, क्रमांक घातलेले गाळे आणि प्रशस्तिपत्र मिळते. दुसरा उपयोगी फेरीवाला. तो कारखान्याच्या फाटकाबाहेर, इस्पितळाच्या भिंतीलगत, उपनगरी स्थानकाच्या जिन्याखाली कष्टकऱ्यांचे पोट भरतो. त्याच्या वाट्याला पालिकेची गाडी येते. चाखणाऱ्यांसाठी एक शहर आणि पोट भरणाऱ्यांसाठी दुसरे, अशी ही व्यवस्था आहे.

ती किती उघडपणे राबवता येते याचा धडा बँकॉकने दिला. २०१४ च्या लष्करी उठावानंतर तेथे ‘पदपथ जनतेला परत’ या नावाखाली फेरीवाले हटवण्याची मोहीम चालू झाली. एप्रिल २०१७ मध्ये तर शहराच्या सर्व ५० जिल्ह्यांतून त्यांना हलवणार असल्याचे प्रशासनाकडून सांगण्यात आले. नेमक्या त्याच सुमारास एका अमेरिकी वृत्तवाहिनीने रस्त्यावरील खाद्यपदार्थांसाठी जगातील सर्वोत्तम शहर म्हणून बँकॉकचा गौरव केला होता. बाहेरच्या जगात ओरड झाली, तेव्हा प्रशासनाने खुलासा केला की, याओवारात आणि खाओ सान हे परदेशी प्रवाशांच्या पसंतीचे भाग राहतील, तेथील व्यवस्था सुधारली जाईल. म्हणजे प्रवाशाची हौस हे संरक्षणाचे कारण ठरले. ज्या कामगार स्त्रिया कामावर जाता-येता पदपथावर जेवण विकत घेत होत्या, त्यांची भूक कारण ठरली नाही.

आपल्याकडे लष्करी राजवट नाही, तरीही दिशा तीच आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘स्वच्छ खाद्यपदार्थ केंद्र’ अशी प्रशस्तिपत्रे देण्यास आरंभ केला. त्यातले पहिले २०१८ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या गाड्यांना मिळाले. विक्रेत्यांना स्वच्छतेचे शिक्षण मिळाले, पाण्याची व कचऱ्याची सोय झाली, यात वाईट काहीच नाही. प्रश्न असा, की ही सोय तलावाकाठीच का? गिरणगावात, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी, एस. टी. स्थानकाबाहेर का नाही? जेथे रोज हजारो माणसे गरज म्हणून खातात, तेथे शुद्ध पाण्याचा नळ अधिक निकडीचा, की जेथे लोक सुटीच्या दिवशी गंमत म्हणून खातात तेथे?

गेल्या हिवाळ्यात दोन दिवस मुंबईस होतो, तेव्हा हा फरक जवळून पाहता आला. एका संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाल्ली. तेथे गाळे रांगेत होते, विक्रेते निवांतपणे गिऱ्हाइकांना बोलावत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका उपनगरी स्थानकाबाहेर वडापाव घेतला. तो विकणारा वडे तळत असताना त्याचे लक्ष सारखे रस्त्याच्या टोकाकडे होते. भांडी कशी धुता, असे विचारले, तेव्हा समजले की पिण्याचे व धुण्याचे पाणी शेजारच्या एका उपाहारगृहातून कॅनच्या हिशेबाने विकत घ्यावे लागते. पालिकेचे पाणी मागायचे तर परवाना दाखवावा लागतो. जो परवाना मिळतच नाही, तो दाखवायचा कोठून? आणि मग अस्वच्छतेचा ठपका कोणावर ठेवायचा?

येथे थोडे अर्थशास्त्र सांगणे आवश्यक आहे. वडापावाचा जन्म १९६०च्या दशकात दादर स्थानकाबाहेर झाला असे सांगतात. पावभाजीचे नाते गिरण्यांच्या पाळ्यांशी जोडले जाते. जेवणाला बसण्याइतका वेळ नाही, खानावळीत जाण्याइतका पैसा नाही, अशा माणसाचे हे अन्न होय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील गिरणीमालक धान्यावरील जकातीविरुद्ध उभे ठाकले आणि १८४६ मध्ये त्यांनी तो कायदा रद्द करवून घेतला. भाकरी स्वस्त तर मजुरी स्वस्त, हे रिकार्डोने शिकवलेले गणित त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या शहरांत ही स्वस्त भाकरी फेरीवाला पुरवतो. कार्यालयातील शिपाई, दुकानातील मुलगी, सुरक्षारक्षक, सामान पोचवणारा तरुण यांना जी मजुरी मिळते तिच्यात त्यांचा दिवस निभतो, याचे एक कारण हे की कोपऱ्यावर त्यांना परवडणारे अन्न मिळते.

ते अन्न परवडते कसे? फेरीवाला स्वतःच्या श्रमाची किंमत हिशेबात धरत नाही म्हणून. पहाटे बाजारातून माल आणणे, घरी बायकोने व मुलींनी बटाटे सोलणे, चटणी वाटणे, रात्री भांडी घासणे, यांतल्या कशालाही वेतन नाही. अशा रीतीने एक गरीब कुटुंब दुसऱ्या गरीब कुटुंबाला अनुदान देते आणि त्याचा अंतिम लाभ मालकाच्या पदरात पडतो. फेरीवाला फुकट जागा वापरून समाजाला लुबाडतो, असे म्हणणाऱ्यांनी हा ताळेबंद एकदा तपासून पाहावा.

शिवाय जागा फुकट कोठे आहे? मुंबईत १९७०च्या दशकाअखेरीपासून नवे परवाने देणे जवळजवळ थांबले. १९९८ च्या सुमारास टाटा समाजविज्ञान संस्था व ‘युवा’ यांनी केलेल्या गणनेत एक लाखावर फेरीवाले आढळले. परवानाधारक त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हते. मागणी आहे, पुरवठा आहे, पण मान्यता नाही, अशा स्थितीत मान्यतेच्या अभावाचीच किंमत वसूल होऊ लागते. तिचे नाव हप्ता. तो पालिकेच्या तिजोरीत जात नाही, त्याची पावती मिळत नाही, आणि तो देऊनही उद्याची शाश्वती नसते. परवाना दिला की हप्त्याचा आधारच जातो. म्हणूनच परवाने देण्याची घाई कोणालाच नाही.

वस्तुतः कायदा फेरीवाल्याच्या बाजूने आहे. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले. १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात रस्त्यावर व्यवसाय करणे हाही, वाजवी निर्बंधांच्या अधीन, घटनेने दिलेला हक्क असल्याचे सांगितले. दीर्घ लढ्यानंतर पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा १ मे २०१४ पासून अमलात आला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणासही हटवू नये. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे. हलवायचेच असल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी. जप्त मालाची यादी द्यावी आणि मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा, असे हा कायदा सांगतो. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे.

अंमलबजावणीची कथा मात्र उद्वेगजनक आहे. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. समितीच्या निवडणुकीसाठी प्रत्यक्ष मतदान झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे कायदा लागू झाल्यावर दहा वर्षांनी. तेव्हा मतदारयादीत उरले होते सुमारे ३२ हजार. उरलेले दोन तृतीयांश विक्रेते शहरातून नाहीसे झाले काय? ते तेथेच आहेत, तळत आहेत, विकत आहेत. ते फक्त कागदावरून पुसले गेले आहेत.

पादचाऱ्यांच्या हक्काचे काय, असा प्रश्न आपल्या सभांतूनही विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पदपथ चालणाऱ्याचा आहे, अंध व वृद्ध माणसांचा आहे. त्यांना वाट मिळालीच पाहिजे. परंतु रस्त्यावरील सर्वाधिक जागा कोण अडवतो, हेही मोजले पाहिजे. एका उभ्या मोटारीच्या जागेत दोन हातगाड्या सहज मावतात आणि त्यांवर दोन कुटुंबे जगतात. मोटार मात्र दिवसभर नाममात्र शुल्कात, पुष्कळदा फुकट, उभी राहते आणि तिला कोणी अतिक्रमण म्हणत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. गर्दी वर्षानुवर्षे वाढत असता पूल रुंद न करणे हा दोष रेल्वेचा होता. संतापाचा रोख मात्र काही दिवसांतच फेरीवाल्यांकडे वळवण्यात आला. स्थानकाबाहेर त्यांना मारहाण झाली, गाड्या उलथल्या गेल्या, आणि १ नोव्हेंबर २०१७ रोजी उच्च न्यायालयाने स्थानकांपासून १५० मीटरपर्यंतची फेरीविक्रीची मनाई कायम ठेवली. स्थानकाच्या दारात गर्दीला वाट मोकळी हवी, हे मान्य. पण दमलेला प्रवासी जेथे उतरतो तेथेच त्याचे गिऱ्हाईक असते, हेही तितकेच खरे. पर्यायी जागा न देता घातलेली मनाई फेरीवाला संपवत नाही, ती हप्त्याचा दर वाढवते.

मार्ग काढायचा ठरवले तर निघतो. सिंगापूरने १९६८-६९ मध्ये सुमारे १८ हजार रस्त्यावरील विक्रेत्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात सरकारी खर्चाने नळ, गटार व वीज असलेली केंद्रे बांधून त्यांना तेथे नेले. ही केंद्रे कामगारवस्त्यांच्या मध्यभागी बांधली गेली. प्रवासी तेथे नंतर आले आणि युनेस्कोची मान्यता तर २०२० मध्ये मिळाली. तेथील राजवट समाजवादी नव्हे आणि नागरी स्वातंत्र्याबाबत तिचे अनुकरण कोणी करू नये. पण स्वच्छता ही फेरीवाल्याच्या स्वभावाची बाब नसून सार्वजनिक गुंतवणुकीची बाब आहे, एवढे तिच्या उदाहरणावरून सिद्ध होते. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीने फेरीवाल्यांचे भांडवल खाऊन टाकल्यावर शासनाने त्यांना काय दिले? आरंभी दहा हजार रुपयांचे कर्ज! सावकारापेक्षा बँक बरी, हे खरे. पण ज्याची गाडी उद्या जप्त होऊ शकते, त्याला आज कर्ज देणे हे कसले धोरण?

डाव्या विचाराच्या काही वर्तुळांत अजूनही फेरीवाल्याला छोटा व्यापारी समजून कामगार चळवळीच्या कक्षेबाहेर ठेवले जाते. ही पोथीनिष्ठा सोडून द्यावयास हवी. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कित्येक कामगार याच रस्त्यावर आले. ज्याच्यापाशी उत्पादनसाधन म्हणून एक कढई व एक स्टोव्ह आहे आणि जो दिवसाचे चौदा तास उभा राहून मजुरीएवढेच मिळवतो, तो भांडवलदार असेल तर मग कामगार कोणास म्हणायचे?

कार्यकर्त्यांनी या प्रश्नात पुढील कामे हाती घ्यावीत. आपल्या गावच्या नगरपालिकेत पथविक्रेता समिती आहे काय, तिची निवडणूक झाली काय, शेवटचे सर्वेक्षण केव्हा झाले, हे लेखी विचारावे. कारवाईच्या वेळी हजर राहून जप्त मालाची यादी मागावी. पन्नास वर्षांहून जुन्या बाजारांना कायद्याच्या परिशिष्टात वारसा-बाजार म्हणून जे संरक्षण दिले आहे, ते मिळवून द्यावे. नळ, शौचालय व कचराकुंडी यांची मागणी फेरीवाले व त्यांची गिऱ्हाइके यांनी एकत्र करावी. कारण ही मागणी दोघांचीही आहे.

आणि जे सहानुभूतीदार सुटीत गावोगावच्या गाड्यांवर आवडीने खातात, त्यांच्याकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही, की परतल्यावर वसाहतीच्या बैठकीत कोपऱ्यावरची गाडी हटवण्याचा ठराव येईल तेव्हा त्यांनी उठून विरोध नोंदवावा. तेथे बहुधा ते एकटे पडतील. तरीही त्यांचा विरोध इतिवृत्तात लिहिला गेला पाहिजे.