अमेरिकेतले शास्त्रज्ञ फ्रान्सच्या आसऱ्याला. आपल्या बांधाशी याचा काय संबंध?

फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्रकाठी मार्सेय हे शहर आहे. तिथल्या एक्स-मार्सेय विद्यापीठात जूनच्या अखेरीस आठ शास्त्रज्ञांचं स्वागत झालं. एका देशातला शास्त्रज्ञ दुसऱ्या देशात काही वर्षं संशोधनाला जातो, त्यात नवल काही नाही. नवल हे की ही माणसं अमेरिकेतून आली. आजवर जगातली हुशार पोरं अमेरिकेची वाट धरायची. आता तिथलेच संशोधक बाहेर जागा शोधायला लागलेत.

असं का झालं?

२० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यानंतर काही महिन्यांतच हवामान बदल, आरोग्य, सामाजिक विषमता अशा विषयांवरच्या हजारो प्रकल्पांचं सरकारी अनुदान मध्येच थांबलं. फेब्रुवारीत तिथल्या हवामान आणि समुद्र संस्थेतून, म्हणजे 'नोआ'मधून, शेकडो कर्मचारी कमी केले गेले. बरीच प्रकरणं कोर्टात गेली आहेत.

मार्चमध्ये एक्स-मार्सेय विद्यापीठाने 'सेफ प्लेस फॉर सायन्स' ही योजना जाहीर केली. अर्थ सरळ आहे, विज्ञानासाठी सुरक्षित जागा. १५ शास्त्रज्ञांना तीन वर्षं बोलवायचं आणि त्यासाठी दीड कोटी युरो उभे करायचे, असं ठरलं. आपल्या हिशोबाने ही रक्कम १५० कोटी रुपयांच्या आसपास जाते. अर्ज आले जवळपास ३००. नंतर जागा २० पर्यंत नेण्याचं ठरलं, तरी एका जागेमागे पंधरा अर्ज झालेच. पगार फ्रान्समधल्या संशोधकांइतकाच, म्हणजे अमेरिकेपेक्षा कमी. तरीही एवढे लोक जायला तयार झाले. यावरून तिकडची परिस्थिती समजून घ्या.

५ मे रोजी पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात युरोपीय संघानेही २०२५ ते २०२७ साठी ५० कोटी युरो जाहीर केले. परदेशी शास्त्रज्ञांनी युरोपात यावं, हा हेतू.

आपल्याला काय त्याचं?

पारावर हा विषय काढला तर पहिला प्रश्न हाच येईल. उत्तर आपल्या पेरणीत आहे. भारतीय हवामान विभाग मान्सूनचा हंगामी अंदाज देताना जी संगणकीय मॉडेल वापरतो, त्यातलं एक मुळात अमेरिकेच्या हवामान यंत्रणेचं आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'मान्सून मिशन'मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ते आपल्या पावसासाठी सुधारून घेतलं. यंदा एल निनो आहे का, हे ठरवायला प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान लागतं. तिथे तरंगत्या यंत्रांनी हे मोजमाप करण्यात 'नोआ'चा मोठा वाटा आहे. म्हणजे अमेरिकेत हवामानाचा माणूस कमी झाला की गोष्ट तिथेच संपत नाही. सगळं जग ज्या माहितीवर अंदाज बांधतं, तिचा पाया त्याने कच्चा होऊ शकतो.

दुसरं उदाहरण सोयाबीनचं. इलिनॉय विद्यापीठात आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी सोयाबीनवर काम करणारी एक प्रयोगशाळा होती. अमेरिकेची परदेशी मदत बंद झाली आणि एप्रिलमध्ये तिथलं काम थांबलं, माणसं घरी गेली. पुढे एका निनावी देणगीदाराच्या पैशावर त्यातलं थोडं काम तगलं. पण शेतीचं संशोधन कुणाच्या मर्जीवर किती दिवस चालणार?

माणूस हलतो, काम हलत नाही

मार्सेयचं पाऊल चांगलंच आहे. अडचणीतल्या माणसाला जागा देणं मोठी गोष्ट आहे. पण वीस जागांनी हजारो प्रकल्पांची भरपाई होत नाही. शास्त्रज्ञ बॅग भरून विमानात बसू शकतो. वर्षानुवर्षं नोंदी ठेवलेले प्लॉट, समुद्रातली यंत्रं, हाताखाली तयार झालेली पोरं त्याला सोबत नेता येत नाहीत. पिकाचा एक वाण शेतकऱ्याच्या हातात यायला दहा-बारा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या पाहुणचारात ते काम कसं बसणार? फ्रान्समधले प्राध्यापकही विचारतायत, की आमच्याच संशोधनाचं बजेट कापलं जात असताना पाहुण्यांना पैसा कुठून?

हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. परदेशातल्या शास्त्रज्ञांना इथे बोलवायला केंद्राने २०१७ मध्ये 'वज्र' आणि २०२३ मध्ये 'वैभव' योजना आणली. 'वैभव'मध्ये परदेशातल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने वर्षातून एक-दोन महिने इथे यायचं, असं जास्तीत जास्त तीन वर्षं. मानधन महिन्याला ४ लाख रुपये. योजना वाईट नाही. पण राहुरी, अकोला, परभणी, दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांत रिक्त जागांचं दुखणं जुनंच आहे. पाहुणा शास्त्रज्ञ दोन महिन्यांत चार गोष्टी शिकवून जाईल, पण त्या पुढे नेणारा कायमचा माणूस खुर्चीत नसेल तर पाहुणा गेला की काम संपलं.

ज्या घरात पीएच.डी. झालेली मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. युरोपची 'मेरी क्युरी' शिष्यवृत्ती कुठल्याही देशाच्या संशोधकाला खुली आहे. पीएच.डी. होऊन साधारण आठ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. तिथल्या विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाची तयारी आधी मिळवावी लागते. अर्ज दरवर्षी साधारण सप्टेंबरपर्यंत घेतले जातात आणि त्याला फी नाही. कुणी एजंट फी म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

बाकी आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच. अमेरिकेसारख्या देशातली यंत्रणा चार-सहा महिन्यांत खिळखिळी होऊ शकते, तर आपली जपायला आपणच बोललं पाहिजे. पुढच्या वेळी आमदार गावात आले की रस्ता, पाणी, वीज विचाराच. सोबत हेही विचारा, आपल्या कृषी विद्यापीठातल्या जागा कधी भरणार?