सोळा नंबरची कोळीण

कोळी म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, केरसुणी फिरली की संपला, हा आपला समज पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या कोरड्या पट्ट्यात टिकत नाही. तिथल्या नॉर्थ बंगुला राखीव रानात कोळी-अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी 1974 मध्ये जमिनीतल्या बिळाला झाकण लावून राहणाऱ्या ट्रॅपडोअर कोळ्यांच्या बिळांवर खुणा करायला सुरुवात केली. त्यातली सोळा नंबरची मादी 43 वर्षं जगली. मधल्या काळात त्या बिळात दुसरी कोणी घुसली नसेल कशावरून, ही शंका रास्तच. पण या जातीची मादी जन्मभर एकच बीळ रुंदावत राहते, दुसरीचं रिकामं बीळ बळकावत नाही (सगळ्या घरमालकिणी, भाडेकरू एकही नाही!); म्हणून बिळाचं वय तेच तिचं वय. या दीर्घायुष्याचं श्रेय मी नशिबापेक्षा काटकसरीला देईन: झाकणाआडचा ओलावा, मंद चयापचय, भक्ष्य दाराशी येईपर्यंत धरलेला दम. मात्र जमीन नांगरली गेली की हाच बैठा स्वभाव अंगाशी येतो, आणि गव्हासाठी तिथलं बहुतेक मूळ रान केव्हाच साफ झालं आहे. 2016 मध्ये सोळा नंबरच्या बिळाचं झाकण भोसकलेलं आढळलं. तिला म्हातारपणाने नव्हे, परजीवी गांधीलमाशीने संपवलं असावं.