कोण कशाचा डॉक्टर होणार?

आपल्याकडे कोणाचं एमबीबीएस झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : "आता एमडी कशात?" आणि खरं उत्तर बऱ्याचदा असतं, "रँक मिळाली त्यात." इकडे अमेरिकेत हा प्रश्न कसा सुटतो, ते मी गेली काही वर्षं जवळून बघतोय. मी स्वतः पीएचडीवाला डॉक्टर, म्हणजे ताप आल्यावर काही उपयोगाचा नाही! पण आमच्या प्रयोगशाळेत मेडिकलचे विद्यार्थी संशोधनासाठी येतात आणि मार्च जवळ आला की त्यांचं कामातलं लक्ष उडतं.

कारण 'मॅच'. १९५२ पासून चालत आलेली ही पद्धत म्हणजे एक प्रचंड वधूवर सूचक मंडळच समजा. विद्यार्थी ठिकठिकाणी मुलाखती देतो आणि आपल्या पसंतीची क्रमवार यादी भरतो. हॉस्पिटलंही आपापली यादी भरतात. मग संगणक जोड्या जुळवतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी देशभर एकाच दिवशी पाकिटं उघडतात. लागलेला निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक. नंतर "स्थळ पसंत नाही" म्हणायची सोय नाही.

या जुळवणीमागचं गणित गेल आणि शॅप्ली या दोघांनी १९६२ साली मांडलं, आणि त्यांच्या लेखाच्या शीर्षकात खरोखरच 'लग्न' हा शब्द आहे. पुढे अल्विन रॉथ यांनी 'मॅच'ची नवी रचना केली, ती १९९८ पासून वापरात आली. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्यातला इंजिनिअर ज्यावर खूश होतो तो गुण असा, की या रचनेत विद्यार्थ्याने डावपेच लढवून काही फायदा होत नाही. जे मनापासून हवं तेच यादीत पहिलं लिहिणं, हाच सर्वात शहाणपणाचा मार्ग.

पण मंडळी, गंमत पुढेच आहे. यंत्र विचारतं, "तुला काय हवंय?" ते 'हवंसं' कुठून येतं, हे यंत्राला माहीत नसतं. कर्ज काढून शिकलेला इथला विद्यार्थी बाहेर पडतो तेव्हा डोक्यावर साधारण दोन लाख डॉलर्सचं ओझं असतं. त्वचारोग, रेडिओलॉजी, भूलशास्त्र, नेत्ररोग यांकडे ओढा असतो, कारण पैसा बरा आणि रात्रीची झोप बहुधा शाबूत. बालरोगात मिळकत कमी. २०२३ साली इमर्जन्सी मेडिसिनच्या साडेपाचशेहून जास्त जागा मुख्य फेरीत रिकाम्या राहिल्या. गणित तेच, तितकंच निर्दोष. माणसांनी यादीत ती शाखा लिहिलीच नाही, त्याला गणित काय करणार?

तरीही एक गोष्ट इथे मला मनापासून आवडते. तिसऱ्या वर्षी प्रत्येकजण मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, मानसोपचार अशा विभागांत काही काही आठवडे काम करतो आणि मग शाखा निवडतो. सर्जन व्हायचं म्हणून आलेला मुलगा मानसोपचाराकडे वळलेला मी पाहिलाय. त्याने आधी पाहिलं, मग ठरवलं.

आपल्याकडे इंटर्नशिपचं वर्ष नेमकं यासाठीच आहे. पण समोर नीट-पीजी उभी असते, त्यामुळे पोरं वॉर्डातून लवकर सटकून प्रश्नसंच सोडवत बसतात. म्हणजे शाखा बघायचं वर्ष शाखेच्या परीक्षेनेच खाऊन टाकलं! मग ज्याचा क्रमांक आधी, तो रेडिओलॉजी उचलतो. शेवटी शरीररचनाशास्त्रासारख्या विषयांच्या जागा उरतात. २०२३ साली तर पात्रतेचा पर्सेंटाइल शून्यावर आणावा लागला.

यावर अमेरिकेची 'मॅच' आणा, असं मी म्हणणार नाही. मुलाखती आणि शिफारसपत्रं आली की आपल्याकडे वशिला मागच्या दाराने येईल. क्रमांक निदान कोणाचा भाचा आहे ते विचारत नाही. पण इंटर्नशिपचं वर्ष वॉर्डाला परत द्या, परीक्षा त्यानंतर घ्या आणि मधे अभ्यासाला रीतसर वेळ द्या. यात मुलांचे काही महिने जातील, हे कबूल. पण पुढची तीस-पस्तीस वर्षं ज्या कामात घालवायची, त्यासाठी हे महिने महाग नाहीत.

आणि हे फक्त डॉक्टरांच्या सुखाचं प्रकरण नाही. बालरोगात नाइलाजाने आलेल्या माणसासमोर उद्या तुमचंच रडणारं पोर असणार आहे.

शेवटी एक प्रश्न घरातल्यांना. मुलगी म्हणाली, "मला रेडिओलॉजी मिळतेय, पण मी बालरोग घेते," तर आपण काय म्हणू? "वेडी आहेस का, हातची सीट कोणी सोडतं?" असंच ना? तिची यादी बरीचशी तिथेच भरली जाते, आपल्या जेवणाच्या टेबलावर.