झडतीही कायद्यानेच हवी

‘एमडी’ म्हणून विकले जाणारे मेफेड्रोन ५० ग्रॅमपेक्षा जास्त सापडले, की १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार ते व्यापारी प्रमाण ठरते. शिक्षा किमान १० वर्षे, कमाल २०; दंड एक ते दोन लाख रुपये. गांजासाठी हीच मर्यादा २० किलोंची. हिरा सिंग खटल्यातील २०२० च्या निकालापासून भेसळीचे वजनही हिशेबात धरले जाते. कलम ३७ मुळे जामीन महाकठीण. शिवाय माल जवळ असल्याची जाणीव आरोपीला होती, हे कायदा गृहीतच धरतो.

इतक्या कडक कायद्यात तपास चोखच हवा.

अंगझडतीपूर्वी संशयिताला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क सांगावाच लागतो. बलदेव सिंग खटल्यात घटनापीठाने १९९९ मध्ये हे ठामपणे बजावले. (हातातल्या पिशवीच्या झडतीला मात्र हे संरक्षण नाही.) बचावाचे वकील नेमके इथेच बोट ठेवतात. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले का? लाखेचे सील शाबूत होते का? पंचनाम्यातले वजन आणि प्रयोगशाळेच्या अहवालातले वजन जुळते का? अधिकाऱ्याने नोंदवून घेतलेल्या कबुलीजबाबावर तर विसंबताच येत नाही. तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये तो मार्ग बंद केला.

अशा त्रुटींमुळे होणाऱ्या सुटकेला ‘तांत्रिक’ म्हणून हिणवणे चूक आहे. निरपराध माणसाकडे तेवढीच ढाल असते, आणि खरा तस्कर सुटतो तो तपासातल्या हलगर्जीपणामुळे. ठाण्यातल्या शिपायापासून निरीक्षकापर्यंत प्रत्येकाला या कलमांचे प्रशिक्षण द्या, झडतीचे चित्रीकरण सक्तीने करा आणि प्रयोगशाळांतली रिक्त पदे तातडीने भरा.