मोठा आकडा दिसला की घ्या आत!

घरपट्टीचं ॲप अमुक कंपनीनं 'बनवलं' असं आपण म्हणतो. खरं तर त्यातला बराच कोड जोडलेला असतो. जगभरच्या लोकांनी लिहून मोफत ठेवलेले तुकडे, त्यांना पॅकेज म्हणतात. कुठलं पॅकेज कुठून आणायचं हे दरवेळी माणूस बघत नाही. बिल्ड टूल नावाचा प्रोग्रॅम नाव आणि आवृत्तीचा आकडा बघून आपोआप आणतो. गोची इथंच आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सान या संशोधकानं ती जगाला दाखवली. बड्या कंपन्या स्वतःपुरती जी पॅकेजं वापरतात त्यांची नावं त्यानं शोधली आणि त्याच नावाची आपली पॅकेजं सार्वजनिक साठ्यात टाकली, आवृत्तीचा आकडा मोठा देऊन. टूलनं काय केलं? घरचं सोडून बाहेरचं उचललं! ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपालसह ३५ हून अधिक कंपन्यांच्या आत त्याचा कोड चालला. ना कुलूप तोडलं, ना पासवर्ड चोरला. तो चोर नव्हता, त्यामुळं कंपन्यांनी त्याला एकूण १ लाख ३० हजार डॉलरहून जास्त बक्षीस दिलं.

पण सगळेच असे नसतात. डिसेंबर २०२२ मध्ये एआयवाल्यांच्या पायटॉर्चच्या रोजच्या चाचणी आवृत्तीत याच वाटेनं बनावट पॅकेज घुसलं. ते बसवलेल्या संगणकांतल्या फायली आणि गुप्त किल्ल्या बाहेर जात होत्या.

उपाय महाग नाहीत. आवृत्त्या पक्क्या बांधणारी लॉक फाइल ठेवा, आलेल्या कोडचा डिजिटल ठसा जुळवा, आपलं पॅकेज फक्त आपल्याच साठ्यातून घ्या. पैसा लागत नाही, शिस्त लागते. आणि विचारणारा कुणी नसेल तर शिस्त येणार कुठून?

आपल्याच केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सरकारी खात्यांसाठीही आहेत. रस्ता करताना डांबर कुठल्या ग्रेडचं हे आपण विचारतो ना? मग ज्या ॲपमध्ये गावाचे मोबाइल नंबर, मालमत्ता, थकबाकी सगळं आहे, त्यात काय घातलंय हे का नाही विचारायचं?

नगरसेवकांनो, पुढचं टेंडर निघण्याआधी तीनच प्रश्न विचारा. घटकांची यादी कुठं आहे? लॉक फाइल आहे का? ठसा कोण तपासतं? आणि पत्रकार मित्रांनो, ॲपच्या उद्घाटनाचा फोटो छापताना हेच प्रश्न आपणही विचारूया.