लाली-पावडरचा धंदा आणि एक धीट प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात आम्ही दहावीनंतर मुलींनी काय करावं, याबद्दल लिहिलं होतं. डी.एड., नर्सिंग, संगणक, शिवणकाम, सगळं त्यात आलं होतं. अंक घरोघरी पोहोचला आणि चौथ्या दिवशी फोन वाजला.

“अस्सलामु अलैकुम मॅडम. लेख वाचला. छान आहे. फक्त आमचा धंदा त्यात राहिला.”

आवाज लगेच ओळखला. आम्ही धुळ्याच्या शाळेत शिकवत होतो, तेव्हाची ही विद्यार्थिनी. लग्न होऊन आता जळगावला मेहरूण भागात राहते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर आहे. दाराला जाड पडदा, आत फक्त बायका. शोहर चटईच्या कारखान्यात कामाला. कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या, तेव्हा दोन वर्षं मुलांची फी याच खोलीतून भरली गेली.

ती हसून बोलली खरी, पण आम्हाला ते लागलं. कारण हा धंदा आमच्या लेखातून चुकून राहिला नव्हता. ती दहावीत असताना स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी तिने सहा मुलींचे चेहरे रंगवले होते. बाजारातली एक लाली, घरचं काजळ आणि थोडी हळद, एवढ्यावर. एका मुलीची तर तिने अशी म्हातारी केली होती की तिच्या आईनेही तिला पटकन ओळखलं नाही. शाबासकी द्यायची सोडून आम्ही भर वर्गात म्हणालो होतो, “या लाली-पावडरमध्ये डोकं घालशील तर बीजगणितात नापास होशील.” ती नापास झाली नाही. आमचं वाक्य मात्र तिच्या लक्षात राहिलं.

फोन करण्याचं कारण वेगळं होतं. मुंबईत गोरेगावला सौंदर्यप्रसाधनांचं व्यापारी प्रदर्शन भरणार होतं आणि तिला जायचं होतं. सासूबाईंची अट एकच होती, सोबत कुणीतरी जाणतं माणूस हवं. आम्ही त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी स्पष्टच विचारलं, “मॅडम, तिथं नटनट्यांचा बाजार असतो म्हणे. आपल्या घरच्या बाईचं तिथं काय काम?”

आम्ही म्हणालो, “खाला, कापडाचा व्यापारी माल घ्यायला सुरतला जातो. हिच्या मालाचा बाजार तिथं आहे.” त्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर, बोलता बोलता आम्हालाही पटलं.

ज्या बहिणींना अशा प्रदर्शनाची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे जत्रेसारखं किंवा सेलसारखं नसतं. इथे माल बनवणारे आणि पार्लर चालवणारे समोरासमोर येतात. इटलीतल्या बोलोन्या शहरात १९६७ पासून ‘कॉस्मोप्रॉफ’ नावाचं असं प्रदर्शन भरतं आणि आता त्याच नावाचं प्रदर्शन मुंबईतही भरतं. अशा ठिकाणी आत जाताना आपण याच धंद्यातले आहोत हे सांगावं लागतं, म्हणून व्हिजिटिंग कार्ड किंवा उद्यम नोंदणीचा कागद जवळ ठेवावा. ठोक भाव कळतो, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील ते कळतं, आणि मंचावर नवीन पद्धती करून दाखवतात.

तिथे येणाऱ्या बहुतेकजणी स्वतःचा मेकअप ठळक करून येतात. आमची विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, तिथे प्रत्येकीचा चेहरा हीच तिच्या दुकानाची पाटी. माझी पाटी नकाबमुळे अर्धी झाकलेली. म्हणून जेवढी दिसेल तेवढी लांबून वाचता आली पाहिजे.”

तिने ठरवलं की सगळं काम डोळ्यांवरच करायचं. रंग निवडले केळीच्या बागेचे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्या गावाची ओळख सांगायला दुसरं काही शोधायची गरज नव्हती. हिरवा, पिवळा आणि पिकलेल्या सालीवर येतो तो काळपट तपकिरी.

रात्रीच्या गाडीने निघालो. झोप येईना, म्हणून गप्पा सुरू झाल्या. आमच्या नानीच्या फळीवर अफगाण स्नोची बाटली असायची, ते आम्ही तिला सांगितलं. ती क्रीम मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ च्या सुमारास बाजारात आणली आणि देशभर घराघरांत पोहोचवली. तिला नवल वाटलं. म्हणाली, “म्हणजे आपल्यातले लोक या धंद्यात शंभर वर्षांपासून आहेत!”

मग आम्ही तिला चारू खुराणा यांच्या खटल्याबद्दल सांगितलं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मेकअप कलाकारांची जी संघटना होती, तिच्या नियमानुसार बाईला फक्त केशरचनेचं कार्ड मिळायचं. मेकअप कलाकाराचं कार्ड पुरुषांनाच. पन्नासहून अधिक वर्षं हे चाललं. चारू खुराणा अमेरिकेत हे काम शिकून आल्या होत्या, तरी त्यांना कार्ड नाकारलं गेलं. त्या आणि त्यांच्यासोबतच्या काहीजणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने हा नियम रद्द ठरवला. जे काम ‘बायकांचं’ म्हणून आपण हलकं समजतो, त्यात मोठा पैसा होता तिथे बाईलाच दार बंद होतं. विद्यार्थिनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?” तेव्हा हा निकाल लागायचा होता, हे खरं. पण तिचा प्रश्न निकालाबद्दल नव्हता, हे आम्हालाही कळत होतं.

पहाटे दादरला उतरून लोकलने जोगेश्वरीला तिच्या मावससासूंच्या घरी पोहोचलो. फजर झाली, चहा झाला. ती पुन्हा ताजा वजू करून आरशासमोर बसली. कारण विचारलं तर म्हणाली, “वजू आधी, मेकअप नंतर. जोहरपर्यंत वजू टिकला तर नमाजची चिंता नाही. असरला धुऊन टाकेन. म्हणून मस्कारा पाण्याने निघणारा घेतलाय, वॉटरप्रूफ नाही.” नेलपॉलिश तिने लावलंच नाही. त्याचा थर नखावर बसतो आणि पाणी खाली पोहोचत नाही. हल्ली काही कंपन्या आमच्या नेलपॉलिशमधून पाणी जातं असं सांगतात. त्याबद्दल जाहिरातीवर न जाता आपापल्या आलिमसाहेबांना विचारलेलं बरं.

आम्ही समोर बसून बघत होतो. आधी पापणीवर पांढरट बेस लावला. “पिवळा रंग नुसत्या कातडीवर मळका दिसतो, पांढऱ्यावर उजळतो.” पापणीच्या मध्यभागी पिवळा दाबून बसवला, बाहेरच्या कोपऱ्यावर गडद हिरवा. जिथे दोन रंग भेटतात, तिथे कोरडा ब्रश इतका हलका फिरवला की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळेना. डोळ्यांखाली आधीच सुटी पावडर टाकून ठेवली होती, वरून सांडलेले कण त्यावर पडले आणि एका झटक्यात झटकले गेले. बाहेरच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून तपकिरी-काळ्या रंगाची रेघ ओढली. पट्टी काढली तेव्हा रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ होती. सगळं मिळून चाळीस मिनिटं. वर्गात फळ्यावर आम्ही इतकी सरळ रेघ क्वचितच काढली असेल.

प्रदर्शनात पोहोचलो. झगमगाट डोळे दिपवणारा, आवाजही तसाच. तासाभरात ब्रशच्या एका स्टॉलवरच्या बाईंनी तिला थांबवलं. “डोळे कुणी केलेत?” ती म्हणाली, “मीच. जळगावहून आलेय.” बाईंनी जवळ येऊन नीट बघितलं, कोणते ब्रश वापरले ते विचारलं आणि ठोक भावाचा कागद तिच्या हातात दिला. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. पण धंद्यातल्या एका बाईने धंद्यातल्या दुसऱ्या बाईशी बरोबरीने बोलणं केलं. तिची चाल तेवढ्यानेच बदलली.

खरी गोष्ट पुढे घडली. एका कोपऱ्यातल्या स्टॉलवर गोरं करणारी क्रीम होती. विकणारा सांगत होता, “सात दिवसांत फरक. पार्लरवाल्यांना दुप्पट नफा.” तिने डबी उलटी केली. नाव होतं, चकचकीत चित्र होतं, बाकी काही नव्हतं. तिने विचारलं, “बनवणाऱ्याचा पत्ता कुठे आहे? लायसन्स नंबर? बॅच नंबर? यात काय काय घातलंय?” तो म्हणाला, “मॅडम, बाहेरचा माल आहे.” ती म्हणाली, “मग आयातीचा नोंदणी नंबर दाखवा.” आजूबाजूच्या दोघीतिघी थांबून ऐकू लागल्या. त्याने डबी परत घेतली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बहिणींनो, हा प्रश्न ती का विचारत होती ते नीट लक्षात घ्या. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. शोध घेतला तेव्हा तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि क्रीमच्या तपासणीत पारा सापडला. ती क्रीम घरात आली होती ब्युटिशियनकडून. आमची विद्यार्थिनी म्हणाली, “ती बातमी वाचल्यापासून मला धास्ती बसली, मॅडम. त्या बाईलाही बहुतेक माहीत नसेल. पण डबी तिच्या हातून गेली.”

पाऱ्यामुळे त्वचेतला रंग तयार होणं मंदावतं, म्हणून आठवडाभरात उजळ दिसतं. पण तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांवर घाव करतो. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये नकळत आलेला पारा दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त असता कामा नये. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा ७० भाग आहे.

आपल्या घरांतल्या आणखी दोन गोष्टी याच निमित्ताने बघाव्यात. एक सुरमा. बाजारात खड्याचा म्हणून मिळणारा बराचसा सुरमा गॅलिना नावाच्या खनिजाचा असतो, म्हणजे शिशाचा. लहान मूल डोळे चोळतं आणि तेच बोट तोंडात घालतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे. बाळाच्या डोळ्यात असा सुरमा घालू नये, मग तो कितीही पवित्र ठिकाणाहून आणलेला असो. दुसरी गोष्ट काळी मेहंदी. खऱ्या मेहंदीचा रंग नारिंगी ते गडद तपकिरी येतो. तासाभरात काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनात बहुधा केस रंगवण्याचं पीपीडी हे रसायन असतं. त्याने हातावर फोड येऊ शकतात आणि एकदा अॅलर्जी झाली की ती पुढेही राहते. चाँदरातीला घाई असते, तरी कोन घेताना विचारा.

प्रदर्शनाहून परतून तीन आठवडे झाले असतील. धुळ्याच्या एका निकाहचं काम तिच्याकडे आलं, माहेरच्याच नात्यातलं. दुल्हन आणि तिची धाकटी बहीण, दोघींचे मिळून आठ हजार ठरले होते. दुल्हनच्या फूफी म्हणाल्या, “मुलीला दोन शेड गोरी कर. आणि महिनाभर आधी लावायला ती क्रीम दे, सगळे देतात.” तिने सांगितलं, “फूफी, क्रीम मी देत नाही. आणि बेस मी जबड्याच्या रंगाशी जुळवूनच लावते, नाहीतर चेहरा एक आणि मान दुसरी दिसते.” फूफींना राग आला. धाकट्या बहिणीचं काम त्यांनी दुसऱ्या पार्लरला दिलं. दुल्हन मात्र हिच्याकडेच आली.

“तीन हजार गेले, मॅडम,” तिने फोनवर सांगितलं. आवाजात थोडं दुःख होतं, लपवलं नाही तिने. सीझन तीन-चार महिन्यांचा असतो, त्यात तीन हजार कमी नसतात. आम्ही म्हणालो, “अल्लाह रिज्कमध्ये बरकत देईल.” ती म्हणाली, “आमीन. पण तुम्ही मासिकात लिहा. मी एकटीने नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. सगळ्यांनी नाही म्हटलं तर क्रीम जाईल.”

म्हणून हे लिहिलं. आणि थोडं कामही सुरू केलं आहे. आमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलींना घरातली काजळाची, क्रीमची एकेक डबी आणायला सांगितली. विज्ञानाच्या तासाला लेबलं वाचली. बत्तीस डब्यांपैकी नऊ डब्यांवर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ताच नव्हता. मुलींनी घरी जाऊन आईला सांगितलं, काही आयांनी आम्हाला फोन केले. तुम्हीही आज आपल्या आरशापुढच्या डब्या एकदा उलट्या करून बघा.

गेल्या महिन्याच्या यादीत आता एक ओळ वाढवावी. आयटीआयमध्ये दहावी पास मुलींसाठी कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो कुठल्या आयटीआयमध्ये आहे, याची प्रवेशाच्या वेळी चौकशी करावी. ज्या मुलीच्या हातात हा हुनर आहे, तिला तो रीतसर शिकू द्यावा, सोबत हिशोब आणि रसायनंही. बीजगणित तर शिकवावंच. पण लाली-पावडर म्हणून तिची टिंगल कुणी करू नये. आम्ही एकदा केली होती, तिची माफी आम्ही जोगेश्वरीच्या त्या घरात मागितली. तिने ब्रश धुता धुता “असू द्या मॅडम” म्हटलं आणि आमच्या डोळ्यांना काजळाची बारीक रेघ ओढून दिली. लेबल आधी दाखवून.