लोकेशन टाकलं आणि बदकं उडाली: साकोलीच्या तलावांवर नेमकं काय होतंय?

नोव्हेंबर लागला की साकोलीच्या आसपासच्या तलावांवर दोन प्रकारचे पाहुणे दिसायला लागतात. पहिले हिमालय ओलांडून येतात, दुसरे नागपूरहून हायवे धरून येतात. दुसऱ्यांच्या गळ्यात मोठ्या लेन्स असतात.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा 'पक्षी सप्ताह' असतो. २०२० पासून तो सरकारी पातळीवर साजरा होतो. या तारखा का? ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सलीम अलींचा. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून आपल्या शेजारच्या नवेगावबांधला बरीच वर्षं राहिले आणि तिथल्याच माधवराव पाटील डोंगरवारांसोबत जंगल-तलाव फिरले. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या काळात एखाद्या तलावावर कोणता पक्षी उतरलाय हे पाळीवर तासन् तास बसल्याशिवाय कळायचं नाही. आता रील पाहिली की कळतं, आणि खाली कमेंट असते, 'लोकेशन प्लीज'.

मीही टाकलं होतं लोकेशन. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी गावाजवळच्या एका तलावावर मोठ्या लालसरीचा थवा दिसला. नराचं केशरी डोकं, लाल चोच, वर सकाळचं ऊन. राहवलं नाही, स्टोरी टाकली. पुढच्या रविवारी त्याच पाळीवर चार गाड्या होत्या आणि पाण्यावर एक ड्रोन घिरट्या घालत होता. थवा आधी मधोमध सरकला, मग उठला तो परतलाच नाही. डोंग्यात बसून जाळं सोडवणाऱ्या काकांनी विचारलं, "हे सारे तुमचेच का जी?" उत्तर 'हो' असंच होतं, पण मी गप्प बसलो.

उडाले तर बिघडलं काय?

पट्टकदंब घ्या. मंगोलिया, तिबेटच्या बाजूने येणारा हा हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्या उंचीपर्यंत जातो, हे ट्रॅकरमुळे सिद्ध झालंय. एवढं अंतर कापताना अंगातली चरबी खर्च होते. इथे आल्यावर ती भरून काढायची आणि मार्चच्या आसपास परत निघायचं. बरीच बदकं तर रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर झोपतात. म्हणजे आपण सकाळी 'फ्लाइट शॉट'साठी टाळी वाजवतो, तेव्हा त्यांची झोपही मोडतो आणि साठवलेली चरबीही खर्च करायला लावतो. एकदा झालं तर पक्षी सोसतो. पण एकाच रविवारी पाच वेळा झालं तर तो तलाव सोडतो.

सारसाचं प्रकरण याहून नाजूक आहे. राज्यातले सारस आता जवळपास फक्त गोंदिया-भंडारा पट्ट्यात उरलेत. ते पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाकाठी घरटं करतात, आणि पिल्लाला उडायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून नोव्हेंबरात, ऐन धानकापणीत, यातली काही पिल्लं अजून पायीच फिरत असतात. फोटोग्राफर जवळ गेला की आई-बाप हाका मारत बाजूला होतात. पिल्लू मात्र धानातच अडकतं.

मग कायदा नाही का?

आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. प्रश्न असा की बघणार कोण?

काही भाग आपल्याच जिल्ह्यात असलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडलामध्ये २०२४ च्या शेवटच्या दिवशी काय झालं आठवतंय ना? एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवले. व्हिडिओ व्हायरल झाला, गाइड-चालकांवर कारवाई झाली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ते शक्य झालं, कारण तिथे गेट आहे, गाडीची नोंद आहे, गाइड आहे. नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटवरही हेच. पण इथले बहुतेक पक्षी गेटच्या आत राहत नाहीत. ते मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर असतात. कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव आज जिल्हा परिषदेकडे नाहीतर पाटबंधारे विभागाकडे, मासेमारी ढिवर बांधवांच्या संस्थांकडे. पक्ष्यांचं खातं कुणाकडेच नाही.

म्हणून 'सगळंच लपवा' असं काही पक्षीमित्र म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. सारसांचंच बघा. गोंदियाची सेवा संस्था आणि वन विभाग दरवर्षी गणना करतात, आकडे बातम्यांत येतात, आणि २०२१ मध्ये खंडपीठानं सारसांचीही स्वतःहून दखल घेतली. सारस कुणाला माहीतच नसते, तर विजेच्या तारांना चिकटून मरणाऱ्या सारसांबद्दल कोर्टात कोण बोललं असतं? ज्या तलावाची कुठे नोंदच नाही, तो बेशरमच्या झुडपांनी भरला काय किंवा अतिक्रमणात गेला काय, कुणी हाक मारत नाही. आणि फोटोचा खरा उपयोगही होतो. मंगोलियात गळ्यात पट्टा बसवलेले पट्टकदंब विदर्भाच्या तलावांवर टिपले गेलेत. पट्ट्यावरचा नंबर फोटोत वाचता आला, म्हणून तो पक्षी कुठला ते कळलं.

त्यामुळे माझ्या मते खरा प्रश्न फोटोचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. थवा समोर असताना टाकलेला पिन आणि थवा गेल्यावर टाकलेली पोस्ट, यांचा परिणाम वेगळा असतो. ई-बर्डवरही सगळं सारखं दिसत नाही, धोक्यातल्या काही जातींची नेमकी जागा तिथे झाकली जाते. घरट्याचा आणि पिल्लाचा फोटो मात्र कुठल्याच महिन्यात टाकू नये. तिथे माझी सूट नाही. जाण्याआधी त्या तलावावर जाळं टाकणाऱ्यांना विचारा, कोणत्या बाजूने गेलं तर पक्षी उठत नाहीत ते त्यांना कुठल्याही ॲपपेक्षा जास्त ठाऊक असतं.

या वर्षी मी शिवनीबांधला गेलो तेव्हा तेच केलं. दोन तास बसलो, अडई आणि वारकरी मोजले, दोन-चार तलवार बदकंही दिसली. संध्याकाळी ई-बर्डवर यादी भरली. फोटो फोनमध्येच आहेत, मार्चनंतर टाकेन.